चाळीस मीटर मांजरपाट

मी सातवीत होते त्या वर्षी, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, आमची जीप अळणावरच्या पुढच्या जंगलात एका ओढ्याच्या मधोमध रुतली. जीपमध्ये चारजण होते: अप्पा म्हणजे माझे वडील, आई, अप्पांचे थोरले भाऊ अण्णा आणि मी. कुणालाही इजा झाली नाही. ओढ्याच्या काठावर धडधाकट बैलांची एक जोडी उभी होती आणि बैलांचा मालक मदतीला तयार होता. तरीही ओढ्यातून बाहेर पडायला आम्हाला साडेतीन तास लागले.

हे कसं झालं ते कळायला आमचं दुकान आणि आमचं घर थोडं सांगावं लागेल. आजोबा कागलहून हुबळीला आले आणि त्यांनी बाजारात कापडाचं दुकान घातलं. ते गेल्यावर दुकान दोघा भावांचं झालं, म्हणजे अण्णांचं झालं. अण्णा दाराजवळच्या गादीवर बसत आणि अप्पा आतल्या बाजूला उभे राहून तागे उलगडत. तागा फळीवर आपटत उलगडला की एक भरीव, गुबगुबीत आवाज येतो. माझ्या लहानपणी दुकानातला अप्पांचा आवाज म्हणजे तोच. बोलायचं काम अण्णांचं. गिऱ्हाईक कानडी असेल तर कानडीत, मराठी असेल तर मराठीत ते विचारत, ‘किती लागेल?’ आणि कापड बांधून देताना प्रत्येकाला सांगत की कोरं कापड आधी भिजवा, वाळवा, मग शिंप्याकडं द्या, मीटरमागं चार बोटं आटतं. त्यांचे स्वतःचे दोन नियम होते आणि ते आम्हाला जेवताना ऐकायला मिळत. कात्री लागली की कापड दुकानाचं राहत नाही. पाणी लागलं की कोरं राहत नाही.

घर लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात होतं. पहाटे पाच वाजता अण्णांच्या आंघोळीचा तांब्याचा बंब पेटे आणि त्याचा धूर आमच्या अंथरुणापर्यंत येई. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी, हा हिशेब आम्हाला कुणी शिकवला नव्हता. अण्णांची बायको मी जन्मायच्या आधीच गेली होती, त्यांना मूल नव्हतं. आई त्यांच्याशी थेट बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. अण्णा दोन हातांच्या अंतरावर पाटावर बसलेले असत आणि आई मला म्हणे, ‘शैले, अण्णांना विचार, भाकरी वाढू का?’ अण्णा मला सांगत, ‘अर्धी.’ मग आई अर्धी वाढे. मी शाळेत असताना हे कसं चालायचं, असं मी मोठेपणी आईला विचारलं. ‘भिंतीला सांगत होते,’ ती म्हणाली.

अप्पांना दुकानाच्या आतल्या बाजूनं बाहेर पडायचं होतं. अठरा वर्षं ते तिथं उभे होते. त्यांचं म्हणणं असं की खेड्यातली बाई एका लुगड्यासाठी हुबळीला येत नाही, ती आठवड्याच्या बाजारात मिळेल ते घेते. तेव्हा गाडीत तागे घालून आपणच अळणावरकडच्या बाजारांना जायचं. दुकान अण्णांनी बघावं, बाजार आपण बघू. हे त्यांनी आईला किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही. अण्णांना मात्र दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा अण्णांनी विचारलं, ‘आणि तागे कोण उलगडणार?’

त्या हिवाळ्यात गोकुळ रोडवरच्या एका गॅरेजवाल्यानं लष्कराच्या लिलावातली एक जीप अप्पांना आठ दिवस चालवून बघायला दिली. पटली तर ठेवा, नाहीतर पुढच्या मंगळवारपर्यंत परत आणा, असं ठरलं. जीपला हूड नव्हतं, नुसते लोखंडी गज होते. बुधवारी ती आमच्या बोळात येऊन उभी राहिली. अण्णा बाहेर आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हातातल्या लोखंडी मीटरपट्टीनं चाकावर दोनदा वाजवलं. निकाल त्यांनी तिथं दिला नाही. तो दुसऱ्या दिवशी दुकानात, गादीवरून, दोन गिऱ्हाइकांसमोर दिला, त्यामुळे तो बदलण्याची सोय राहिली नाही. ते म्हणाले, ‘बस जाते तिथं माणूस बसनं जातो. बस जात नाही तिथं ही जाते का ते दाखव. एक रात्र थंडीत उभी कर. सकाळी स्वतःच्या पायांनी सुरू झाली आणि स्वतःच्या पायांनी घरी आली, तर ठेवू. कुणी ओढून काढली, तर तशीच ओढत गोकुळ रोडला.’

आमच्या कुटुंबाची जंगलातली पहिली सहल ती ही. अप्पांनी घरी येऊन आईला सहल हाच शब्द सांगितला. एका साप्ताहिकात तंबूबाहेर बसून चहा पिणाऱ्या कुटुंबाचं चित्र आलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. आईनं चित्र बराच वेळ बघितलं आणि यातले कप कोण विसळतं, असं विचारलं. अण्णाही येणार आहेत, हे अप्पांनी तिला त्यानंतर सांगितलं. परीक्षा अण्णांची होती, तेव्हा परीक्षक बरोबर असणं ओघानंच आलं.

तंबू मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळत होता. ताडपत्रीही मिळत होती. अण्णा म्हणाले, कापडवाल्यानं कापड भाड्यानं आणायचं म्हणजे दुकानाला कुलूप लावण्यासारखं आहे. दुकानात मांजरपाटाचा, म्हणजे कोऱ्या जाड सुती कापडाचा, चाळीस मीटरचा एक नवा तागा होता, तो त्यांनी द्यायचं कबूल केलं. अट अशी की सोमवारी तो जसाच्या तसा फळीवर परत आला पाहिजे. कात्री लावायची नाही, भोक पाडायचं नाही, डाग नको, पाणी नको. थोडक्यात, तंबूनं तंबूचं कुठलंही काम करायचं नव्हतं. आईनं दोन दुपारी बसून तो अखंड तागा पट्टीला पट्टी जोडत टाचला. एकेका शिवणीला एकच लांब धावदोरा घातला, म्हणजे टोक ओढलं की सगळं सुटेल. मधूनमधून ती दोरा दातानं तोडायची आणि भिंतीकडं बघून काहीतरी बोलायची. कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा आंबूस वास घरभर झाला होता.

शनिवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. अण्णांनी राहुकाळ टळू दिला, मग त्यांची जेवणाची वेळ झाली, मग त्यांनी वामकुक्षी केली. साडेबाराला आम्ही निघालो असं अप्पा सांगत, आई दीड सांगे. दोघांपैकी एकाचं खरं मानायला माझ्याकडं पुरावा नाही. सामान मात्र मला पक्कं आठवतं, कारण मी त्याच्या खाली होते. कडक भाकऱ्यांचा डबा, धपाटी, शेंगांची चटणी, कारळाची चटणी, दह्याची बरणी, पाण्याच्या दोन कळशा, वातीचा स्टोव्ह, पोळपाट, चार घोंगड्या, चार चादरी आणि अण्णांचा बंब. बंब का, असं आईनं माझ्यामार्फत विचारलं होतं. अण्णांनी माझ्यामार्फत उत्तर दिलं होतं की जंगलात गेलं म्हणून माणूस पारोसा राहत नाही. अण्णा पुढच्या सीटवर बसले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गुडघ्यांमध्ये मीटरपट्टी आणि मांडीवर तंबू.

धारवाडपर्यंत वाऱ्यानं कुणाला बोलता आलं नाही. केलगेरीच्या तळ्याशी अप्पांनी गाडी थांबवली आणि बायाबापड्यांनी पाय मोकळे करावेत म्हणून सांगितलं. बाई एकच होती आणि तिच्या मांडीवर दह्याची बरणी होती, त्यामुळे ती उतरली नाही. अळणावर सोडल्यावर काही अंतरावर अप्पांनी डांबरी रस्ता सोडून डावीकडं बैलगाडीच्या वाटेला जीप घातली. तिथून पुढं सागवान आणि कळकाची बेटं. वाळलेली सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. हा आवाज मला आवडला होता. मी तसं म्हणालेही, पण आईनं बरणी माझ्याकडं दिल्यानं विषय संपला.

दोनेक मैलांवर ओढा आडवा आला. अण्णा उतरले, धोतर वर खोचलं आणि मीटरपट्टी पाण्यात उभी धरून खोली मोजली. बावीस सेंटिमीटर. अप्पांनी गाडी मागं घेतली आणि वेगात पाण्यात घातली. दोन्ही बाजूंनी पाणी उडालं आणि आम्ही पलीकडं पोचलो. अप्पा हसत मागं वळून बघत होते. मी त्यांना दुकानात असं हसताना बघितलं नव्हतं. अण्णा मांडीवरच्या कापडाकडं बघत होते. तीन थेंब पडले होते. पुढचा अर्धा तास ते त्या थेंबांवर फुंकर घालत बसले.

पलीकडं मोकळी जागा होती, तिथं मुक्काम केला. तंबू उभारायला संध्याकाळ झाली. कापडाला भोक पाडायचं नसल्यानं खुंट्या मारता आल्या नाहीत. दोन झाडांना दोर बांधून त्यावर ते टाचलेलं कापड टाकलं आणि कडांवर दगड ठेवले. दगडांचा डाग पडेल म्हणून अण्णांनी प्रत्येक दगडाला फडकं गुंडाळायला लावलं. फडकी संपली तेव्हा आईचे टॉवेल घेतले. जेवण चांगलं झालं, एवढं सगळ्यांचं एकमत आहे. कडक भाकरी, दही आणि कारळाची चटणी. अप्पा मावळतीच्या उजेडात जीपकडं बघत जेवत होते आणि मधेच म्हणाले की इथून चार गावं जवळ आहेत, चारही गावांत कापडाचं दुकान नाही. अण्णांनी माझ्याकडं बघून ताक मागितलं.

ऊन गेलं तशी हवा दमट झाली आणि दव पडणार हे अण्णांच्या लक्षात आलं. त्या भागात डिसेंबरात दव पडत नाही, गळतं. सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर डोकं भिजतं. कोरा तागा रात्रभर दवात म्हणजे पाणी लागलंच. अण्णा उठले आणि त्यांनी घोंगड्या मागितल्या. आम्हाला वाटलं, पांघरायला. त्यांनी चारही घोंगड्या तंबूवर घातल्या, कमी पडल्या म्हणून चादरीही घातल्या. तंबू भिजू नये म्हणून तंबूला पांघरूण, आणि तंबूच्या आत आम्ही चौघं अंगावरच्या कपड्यांत. आई म्हणाली, ‘शैले, अण्णांना विचार, तंबू आपल्यासाठी आहे की आपण तंबूसाठी?’ मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, ते दीड हातावर होते. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगता येईल की कुणी झोपलं नाही आणि कापड कोरडं राहिलं.

सकाळी घोंगड्या पिळून पाणी काढावं लागलं. आईनं दोऱ्यांची टोकं ओढली आणि तंबूचा पुन्हा तागा झाला. अण्णांनी ताग्याच्या आतली फळी दुकानातून बरोबर आणली होती. फळीभोवती त्यांनी स्वतःच्या हातानं तागा गुंडाळला, कडा जुळवल्या. कुणाला दाखवला असता तर तो फळीवरून उतरलाच नव्हता असं वाटलं असतं. दरम्यान अप्पा हँडल मारत होते. जीप वीस मिनिटं हूं की चूं करत नव्हती. शेवटी अप्पांनी अण्णांच्या बंबातलं उकळतं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, दोनदा हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. अण्णांनी ओढ्यावर गार पाण्यानं आंघोळ केली. अटीचा पहिला भाग पूर्ण झाला होता. त्या दिवशी त्यांनी संध्येला नेहमीपेक्षा कमी वेळ लावला.

परत येताना तोच ओढा. अप्पांनी गाडी मागं घेतली, कालच्यासारखी. त्यांनी पाय दाबला आणि चाकं पाण्यात शिरली, तोच अण्णा मांडीवरच्या ताग्यावर दोन्ही हात पसरून म्हणाले, ‘हळू. शिंतोडे उडतील.’

अप्पांनी पाय काढला.

मी पुढं आयुष्यभर वर्तमानपत्रात नोकरी केली. अपघाताच्या बातमीत कारण एका वाक्यात द्यावं लागतं. या बातमीचं कारण ते वाक्य आहे. अठरा वर्षं थोरला भाऊ ‘हळू’ म्हणाला की धाकट्याचा हात हळू होत होता. ओढ्यात पायही झाला. जीप मधोमध थांबली, मागची चाकं जागेवर फिरली आणि वाळूत आसाला टेकेपर्यंत खाली गेली. अप्पांनी चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला. काही झालं नाही. ते पाण्यात आडवे होऊन खाली बघून आले. पुढच्या चाकांकडं जाणारा मोठा दांडा जागेवर नव्हताच. पेट्रोल वाचावं म्हणून गॅरेजवाल्यानं तो काढून ठेवला होता आणि सांगायचं राहिलं होतं. अप्पांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की आईनं डोक्याला हात लावला.

काठावर एक शेतकरी बैल घेऊन पाण्याला आला होता. त्याचं नाव बसप्पा. त्यानं जीप बघितली, अण्णांचं धोतर बघितलं आणि अण्णांनाच विचारायचं हे ओळखलं. ‘सावकार्रे, एत्त अदावल्लरी,’ तो म्हणाला. सावकार, बैल आहेत की.

‘ब्याड,’ अण्णा म्हणाले. नको.

बसप्पाला वाटलं आपण नीट सांगितलं नाही. त्यानं सांगितलं की दोर आहे, जू आहे, ऊस भरलेली गाडी याच बैलांनी याच ओढ्यातून काढली आहे, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याला काही नको. अण्णांनी आभार मानले आणि पुन्हा नको म्हणाले. बैल कडेला उभे राहून रवंथ करायला लागले. तिथून पुढं जे जे केलं ते सगळं त्या बैलांच्या देखत.

आधी दगड घातले. ते वाळूनं गिळले. मग बसप्पानं फांद्या तोडून आणल्या, चाकांनी त्या मागं भिरकावल्या. मग ओल्या घोंगड्या घातल्या, एक चाकात गुंडाळून फाटली आणि बाकीच्या खोल गेल्या. बसप्पा आणि मी मागून ढकलत होतो. ढकललेलं चालतं का, असं अप्पांनी मधेच विचारलं. अण्णांनी विचार केला आणि सांगितलं, ‘ढकललेलं चालेल. ओढलेलं नाही.’ ऊन डोक्यावर येत होतं. दही आंबून बरणीचं झाकण वर उचललं गेलं होतं. अण्णा काठावरच्या दगडावर मांडीवर तागा घेऊन बसले होते.

अकरा वाजून गेल्यावर आई पाण्यातून चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

‘अण्णा, बैल लावू द्या,’ ती म्हणाली. ‘इथं जंगलात अट बघायला कोण आलंय?’

‘मी आलोय.’

‘मग तुम्ही डोळे मिटा.’

आई त्यांच्याशी थेट बोलली अशी माझ्या माहितीतली ही पहिली वेळ. बसप्पानं मला कानडीत विचारलं, अव्वा काय म्हणाल्या. मी सांगितलं. तो तोंड फिरवून बैलांची शिंगं बघायला लागला. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. ते म्हणाले, ‘मी डोळे मिटले तर उद्या हा बाजारात एकटा असताना रुतेल तेव्हा काय करेल ते मला कसं कळणार?’ हे त्यांनी आईला सांगितलं, पण बघत ते अप्पांकडं होते.

यानंतर जे झालं त्याबद्दल तिघांचं तीन प्रकारे सांगणं आहे. आई म्हणे, अप्पा म्हणाले, ‘तागा काढा.’ अप्पा म्हणत, मी काही बोललो नाही, नुसता हात पुढं केला. मी तिथून पाच पावलांवर होते आणि मला ऐकू आलं ते असं: ‘अण्णा, तागा द्या.’ ओढ्यात अप्पा पुरते भिजलेले होते, कपाळावर वाळू होती. मी त्यांना अण्णांकडं काही मागताना याआधी बघितलं नव्हतं.

अण्णांनी ताग्याच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला.

‘किती लागेल?’

‘सगळा.’

अण्णा उठले. मीटरपट्टी घेऊन ते पाण्यात उतरले आणि मागच्या चाकापासून काठापर्यंत अंतर मोजलं. सहा मीटर. मग दोन चाकांमधलं मोजलं. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. सहा, सव्वा, सहा. अप्पांना वाटलं, दोन चाकांसाठी तागा मधे कापावा लागणार, आणि ते चाकू काढायला जीपकडं वळले. ‘कापायचा नाही,’ अण्णा म्हणाले. ‘एका चाकापासून काठापर्यंत न्यायचा, आडवा वळवायचा, दुसऱ्या चाकाकडं परत आणायचा. तीन पदर बसतील.’ बसप्पानं चाकांपुढची वाळू उपसली. आईनं एक टोक धरलं आणि अण्णांनी फळी फिरवत तागा उलगडला. पहिला पदर पाण्याला टेकला तेव्हा त्यांचा हात थांबला आणि मग फिरायला लागला. खळ सुटून पाणी दुधासारखं झालं. दुसरा पदर पहिल्याच्या काठाला काठ जुळवून घातला, तिसरा दुसऱ्याच्या. दुकानात घडी घालताना जुळवतात तसा. अप्पा म्हणाले, जरा इकडंतिकडं झालं तरी चालेल. अण्णांनी ऐकलं नाही आणि एक जागा पुन्हा उलगडून सरळ केली. याला पाऊण तास लागला. बैल बसले होते.

अप्पा जीपमध्ये चढले. आई माझ्याकडं वळली. ‘शैले, अण्णांना सांग, आता हळू म्हणू नका.’

‘म्हणत नाही म्हणावं,’ अण्णा म्हणाले.

अप्पांनी पाय दाबला. बसप्पा, आई आणि मी मागून ढकलत होतो. डावीकडं कापड चाकाखाली गोळा झालं, ताणलं आणि तसंच राहिलं. उजवं चाक वर चढलं. जीप सहा मीटर मांजरपाटावरून गेली, काठाला एकदा अडली आणि वर आली. तेव्हा एक वाजला होता. अप्पांनी इंजिन बंद केलं नाही. पुढं हुबळीत घराच्या दारात पोचेपर्यंत त्यांनी ते बंद केलं नाही, धारवाडलाही नाही. बसप्पानं उरलेली धपाटी घेतली, दही नको म्हणाला. तागा वाळूतून काढायला आम्ही चौघं लागलो. ओला तागा जीपच्या गजांवर घालून आणला आणि वाटेत तो आमच्या डोक्यावर ठिबकत होता.

सोमवारी आईनं तो धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा वेळा गेला. दोन तपकिरी पट्टे राहिले, ते कुठल्याही साबणानं निघाले नसते. संध्याकाळी अण्णांनी तो फळीवर मोजला. सदतीस मीटर आणि काही सेंटिमीटर भरला. ‘चार बोटं,’ ते म्हणाले आणि तागा दुकानात न नेता घरातच ठेवला. जेवताना आई म्हणाली, ‘शैले, अण्णांना विचार, भाकरी वाढू का?’

मंगळवारी आठ दिवस संपले. जीप बोळात उभी होती. दुपारी गॅरेजवाल्याकडून माणूस दुकानात आला. अण्णांनी त्याला काढून ठेवलेला पुढच्या चाकांचा दांडा घेऊन यायला सांगितलं आणि तो संध्याकाळी दांडा घेऊन आला.

बुधवारी अण्णा दुकानातली मोठी कात्री घेऊन लवकर घरी आले. त्यांनी मीटरपट्टीनं जीपचे गज मोजले, ओसरीवर तागा उलगडला, खडूनं खुणा केल्या आणि पहिली कात्री स्वतः लावली. शिवण आईनं घातली.

त्या आठवड्यातल्या बाजाराच्या दिवशी सकाळी सहा वाजता अप्पा अळणावरकडं निघाले. जीपमध्ये अकरा तागे होते. हूड मांजरपाटाचं होतं.